बालसंगोपनातील दोन मापे : लिटर आणि मिनिट



पावसाळा तोंडावर आला म्हणजे शाळांकडे आरोग्यविषयक सूचनांचे कागद येऊ लागतात. पाणी उकळून प्यावे, हात धुवावेत, नखे कापावीत, उघड्यावरील पदार्थ खाऊ नयेत. या सूचना फळ्यावर लिहिल्या जातात, मुले त्या वहीत उतरवितात आणि परीक्षेत त्यांवर गुणही मिळवितात. त्या सूचनांत खोटे असे काही नाही. परंतु काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी तपासणीसाठी गेलो असता चौथीच्या वर्गाने हात धुण्याच्या सर्व पायऱ्या अभिनयासह बिनचूक म्हणून दाखविल्या. टाळ्या झाल्या. त्यानंतर तीच मुले ओळीने पाण्याच्या माठाकडे गेली आणि प्रत्येकाने पेला हातासकट माठात बुडविला. वगराळे शाळेत नव्हते. दोष मुलांचा नव्हता. त्यांना शब्द दिले होते, वस्तू दिली नव्हती.

प्रस्तुत लेखात सूचनांची आणखी एक यादी देण्याचा हेतू नाही. आपण प्राथमिक शाळेत गणिताचे जे दोन पाठ दरवर्षी शिकवितो, म्हणजे द्रवाचे माप आणि वेळेचे माप, त्यांचा घरातील लहानग्याच्या जिवाशी किती निकटचा संबंध आहे, एवढेच मांडावयाचे आहे.

हे शाळेने का करावे, असा प्रश्न कोणी विचारील. चंद्रपूर आणि गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) येथील खेड्यांचे वर्षमान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उत्तर निराळे सांगावयास नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोह वेचावयास जावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असते. जुलैत धानाची रोवणी सुरू झाली की आई उजाडताच बांधीत उतरते ती सायंकाळी परतते. या काळात वर्ष-दीड वर्षाचे मूल कोणाच्या कडेवर असते? बहुधा आपल्याच हजेरीपटावरील, चौथी-पाचवीत शिकणाऱ्या त्याच्या बहिणीच्या. तिच्या नावापुढे आपण गैरहजेरीची खूण करतो. वस्तुतः त्या दिवशी ती घरातील सर्वांत जोखमीचे काम करीत असते, आणि त्या कामाचे शिक्षण तिला कोणीही दिलेले नसते. रोवणीचे दिवस तेच हगवणीचे दिवस आणि तेच वाटा बंद होण्याचे दिवस. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षी वृत्तपत्रांतून आपण वाचतोच.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. मी सहायक शिक्षक असताना एका पालकाच्या मुलास जुलाब लागले होते. शाळेत जलसंजीवनीची पाकिटे आलेली होती. त्यांतील एक मी त्यांस दिले आणि सांगितले, "पाण्यात कालवून पाजा." किती पाण्यात, हे मी सांगितले नाही, मला ते सांगण्यासारखे वाटलेही नाही. त्या माउलीने अख्खे पाकीट एका पेल्यात कालविले. ते मिठासारखे खारट पाणी मुलाने दोन घोट घेतले आणि ओकून टाकले. पुन्हा पाजले, पुन्हा ओकले. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेलेल्या अवस्थेत त्यास रुग्णालयात न्यावे लागले. मूल वाचले. परंतु त्या घराने पुढे पाकिटास कधी हात लावला नाही आणि शेजारच्या चार घरांनीही लावला नाही. पाकिटावर एक लिटर असे छापलेले होते. ते वाचता येणारा त्या व्यवहारात मी एकटाच होतो.

लिटरचे महत्त्व कशात आहे, हे शिक्षकाने नीट समजून घेतले पाहिजे. जुलाबाने मूल दगावते ते बहुतांशी शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. केवळ पाणी पाजल्याने ही तूट भरून निघत नाही. आतड्याच्या अस्तरातून मीठ व साखर ही एकमेकांच्या सोबतीने आत शोषली जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते, हाच या उपायाचा पाया होय. परंतु मिश्रण दाट झाले, तर क्रिया उलट होते. दाट द्रव आतड्यात पाणी ओढून घेतो, जुलाब वाढतात, आणि रक्तातील मिठाचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. फारच पातळ झाले तर क्षारांची भरपाई होत नाही. म्हणून एका लिटरच्या पाकिटास एक लिटरच पाणी लागते, पाऊण नव्हे आणि दीडही नव्हे.

या साध्या मिश्रणाची कसोटी आपल्याच देशात लागली. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचा द्राव अपुरा पडू लागला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण मोजून तयार करविले, ते पिंपांत कालविले आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपविले. जेथे शेकडा ३० पर्यंत रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण शेकडा ४ च्या आत आले. नातलगांना वैद्यक येत नव्हते. मोजून तयार केलेले पाणी थोडे थोडे पाजीत राहणे तेवढे त्यांना साधले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, असे मला वाटते.

आता वर्गातील पाठाकडे वळू. धारकतेचा पाठ शिकविताना प्रत्येक मुलास घरचा एक तांब्या, लोटा किंवा गंज आणावयास सांगावे. लिटरचे माप शाळेत असल्यास उत्तम. नसल्यास बाजारात मिळणाऱ्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्यावी व कारखान्यातून ती जेथपर्यंत भरून येते तेथे खूण करावी. त्या मापाने प्रत्येक भांडे भरून पाहावे. कोणाचा तांब्या काठोकाठ भरून पाऊण लिटर होईल, कोणाचा सव्वा. कोणाच्या घरी एक लिटर म्हणजे चार पेले असतील, कोणाच्या घरी पाच. भांड्यात आतून जेथे लिटर येतो तेथे खिळ्याने बारीक ओरखडा काढावा, आणि भांडे ओरखडण्यास घरचे नाराज असतील तर पेल्यांची संख्या मुलाच्या वहीत लिहून द्यावी. या पाठास तासिका जरा अधिक लागते, वर्गात पाणी सांडते, हे खरे. सांडू द्यावे. अपूर्णांक, अंदाज आणि तुलना या तिन्ही गोष्टी त्यात येतात, शिवाय प्रत्येक घरात एक ठरलेले माप कायमचे जाते.

पाकिटाविषयी एक सावधगिरीची गोष्ट. सर्वच पाकिटे एका लिटरची नसतात. २०० मिलिलिटर पाण्यासाठीचे लहान पाकीटही मिळते. पाकिटावरचा आकडा वाचणे हाच वाचनाचा पाठ समजावा. दुकानात रंगीत खोक्यांतून मिळणारी फळांच्या रसाची गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत, हेही सांगावे. पाकीट मिळालेच नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात लहान चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा पाच मिलिलिटरचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग काढून टाकलेला. मीठ चुकून अधिक पडण्यापेक्षा किंचित कमी पडलेले बरे. चव घेऊन पाहावी. अश्रूंहून अधिक खारट लागता कामा नये.

दोन वर्षांच्या आतील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा पेल्याने घोट घोट द्यावे. ओकल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. कालविलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. "पोटाला विश्रांती" देण्याची जी समजूत घरोघर आहे, ती मुलाला अशक्त करते. आशा कार्यकर्तीकडे किंवा उपकेंद्रात जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या मिळतात. त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यावयाच्या असतात. जुलाब थांबताच गोळ्या ताकावर ठेवून विसरल्या जातात, हा माझा अनुभव आहे. मोठी बहीण शाळेत येत असेल, तर तिच्या वहीत १४ चौकटी आखून द्याव्यात आणि रोज एकीवर फुली मारावयास सांगावे.

मूल पिईनासे झाले, पेंगुळले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश मागे गेली, शौचात रक्त दिसले किंवा सारे काही ओकून पडू लागले, तर घरी वेळ घालवू नये. दोन महिन्यांच्या आतील बालकास जुलाब झाल्यास चिन्हांची वाटच पाहू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि वाटेतही थोडे थोडे पाजीत राहावे.

जुलाब होऊच नयेत म्हणून काय करावे, हे आपण सर्व जाणतो, म्हणून येथे दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या पुस्तकांत क्वचित येतात. एक, तान्ह्या मुलाचे शौच निरुपद्रवी असते अशी सार्वत्रिक समजूत आहे. ते तसे नसते. ते अंगणाच्या कडेला न टाकता शौचालयात टाकावे किंवा पुरावे, आणि मूल धुऊन काढणाऱ्याने, म्हणजे पुष्कळदा त्या बहिणीनेच, साबणाने हात धुवावेत. दोन, सहा महिन्यांपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, लागत नाही. चंद्रपूरचा मे महिना अनुभवलेल्या आजीस हे पटत नाही. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हे गुरुजी म्हणतात की पाणी देऊ नका! परंतु आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. आईने भरपूर पाणी प्यावे आणि बाळास वारंवार अंगावर घ्यावे, असे सांगितले म्हणजे आजीचे बहुधा समाधान होते. घुटी आणि मध यांबाबतही तोच नियम. मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

आता मिनिटाविषयी. आपल्या भागात लहान मुलास खोकला होऊन पोट उडू लागले की "डबा झाला" असे म्हणतात. काही घरांत अजूनही अशा मुलाच्या पोटावर बिब्याचे किंवा तापल्या लोखंडाचे डाग दिले जातात. हा डबा म्हणजे बहुधा न्यूमोनिया, फुप्फुसाचा दाह. त्यावर योग्य औषध वेळेवर मिळाले तर मूल वाचते, डागाने वाचत नाही, उलट जखम होते. येथे प्रश्न ओळखण्याचा असतो. साधा खोकला कोणता आणि न्यूमोनिया कोणता, हे छातीला नळी लावल्याखेरीज कसे समजावे?

याचे उत्तर शोधण्याचे काम गडचिरोली जिल्ह्यातच झाले आहे. 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून येथील ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावचे आरोग्यसेवक आणि सुईणी यांना मुलाच्या श्वासावरून न्यूमोनिया ओळखण्यास व ठरलेले औषध देण्यास शिकविले. तुलनेसाठी ४४ गावे घेण्यात आली. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शिकविलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १ च्याही आत, ०.८ होते; तुलनेच्या गावांत ते १३.५ होते. सुईणींपैकी पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि पन्नास-साठपर्यंत मोजणेही अवघड जाई. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक साधे साधन केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकविता येणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. मणी संपले आणि वाळू अजून पडतच असली, तर श्वास जलद आहे असे समजावयाचे.

आपल्या वर्गात हेच साधन चिंचोक्यांनी होऊ शकते. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी सहा चिंचोके, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळासाठी पाच, आणि वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी चार. दर दहा श्वासांना एक चिंचोका बाजूला करावयाचा. पूर्ण मिनिट होण्याच्या आत किंवा मिनिट होता होता सगळे चिंचोके संपले, म्हणजे श्वास ६०, ५० किंवा ४० अथवा त्याहून अधिक झाले, तर त्या वयास तो जलद श्वास होय. मूल खोकत असेल आणि श्वास असा जलद असेल, तर त्याच दिवशी आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यकेंद्र गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास स्वभावतःच अनियमित असतो, म्हणून त्याच्या बाबतीत ६० भरल्यास पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही ६० किंवा अधिक आल्यास तो धोका समजावा, आणि या वयास खोकला नसला तरी बाळास तत्काळ न्यावे.

मोजताना मूल शांत असावे, रडत किंवा दूध पीत नसावे. आईच्या मांडीवर निजलेले असेल तर फारच चांगले. अंगातील कपडा वर करून पोटाकडे पाहावे. पोट वर जाऊन खाली आले की एक श्वास. पुष्कळ शिक्षक पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा सोपा मार्ग सुचवितात. गणित म्हणून तो बरोबर, पण येथे घातक आहे. पंधरा सेकंदांत एका श्वासाची चूक झाली तर मिनिटाच्या हिशेबात चारांची होते, आणि ४८ चे ५२ किंवा ५२ चे ४८ झाले की निर्णयच पालटतो. चुकीचा गुणाकार कसा होतो, हे पाचवीच्या वर्गास समजाविण्यास याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

सराव वर्गातच करावा. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने स्वस्थ बसावे, दुसऱ्याने त्याचे श्वास मोजावेत, तिसऱ्याने सेकंदकाट्याचे घड्याळ किंवा भ्रमणध्वनीतील घड्याळ पाहून "सुरू" व "थांब" म्हणावे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या मुलाचे श्वास साधारणतः वीसच्या आसपास येतील. मैदानाला एक फेरी मारून आल्यावर पुन्हा मोजावे. मग घरी निजलेल्या निरोगी भावंडाचे श्वास मोजून दुसऱ्या दिवशी आकडा आणावयास सांगावे. तान्ह्याचा श्वास आपल्यापेक्षा मुळातच जलद असतो, हे मुलांच्या तेव्हा ध्यानात येते. निरोगी असताना एकदा मोजलेले असले म्हणजे आजारपणातला फरक डोळ्यांत भरतो.

या मापाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आकडा ठरलेल्या संख्येच्या आत आला, म्हणून मूल सुरक्षित असे होत नाही. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध सुटले असेल, झटके येत असतील, किंवा तान्ह्या बाळाचे अंग गार लागत असेल, तर मोजीत बसू नये, निघावे. तापानेही श्वास वाढतो, आणि गडचिरोलीत ताप म्हटला की हिवताप मनात आणावाच लागतो. अशा तापात त्याच दिवशी रक्ततपासणी झाली पाहिजे. औषध देणे हे शिक्षकाचे वा विद्यार्थ्याचे काम नव्हे. मोजणे आणि वेळेवर सांगणे हे आहे.

पहिल्या महिन्यातील बाळाविषयी एक गोष्ट शिक्षकांस ठाऊक असावी. 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची योजना सुरू झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. घरी जन्म झाला असल्यास पहिल्या दिवशीही. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी बाळ जन्मले की जन्मतारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्या सहा तारखा मुलांकडून काढून घ्याव्यात. दिनदर्शिकेचा पाठ होतो, आणि भेट चुकली असल्यास घरातील मूल ती विचारू शकते.

भाषेविषयी थोडे. माडिया व गोंडी बोलणाऱ्या घरांत आपली पुस्तकी मराठी दारातच थांबते. श्वास, मिनिट, लिटर हे शब्द घरी कसे सांगाल, हे मुलांनाच विचारावे आणि त्यांनी सांगितलेलेच शब्द फळ्यावर लिहावेत. बाहेरगावाहून आलेल्या शिक्षकास त्यामुळे दहा-पंधरा शब्द आपोआप येतात, त्याचा पुढे पुष्कळ उपयोग होतो. मला स्वतःला ते फार उशिरा सुचले.

रोवणी सुरू होण्यापूर्वी हे दोन्ही पाठ घ्यावेत. लहान भावंडास घेऊन शाळेत येणाऱ्या मुलीस त्या दिवशी परत पाठवू नये. श्वास मोजण्याच्या पाठास तिचे भावंड निजलेले असेल तर त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शाळेने दोन कागद आणावेत: एकावर घरोघरच्या भांड्यांत लिटर किती पेल्यांचा झाला त्याची नोंद, दुसऱ्यावर मुलांनी मोजून आणलेल्या निरोगी बालकांच्या श्वासांचे आकडे, वयासह. आकडे सुबक करून आणण्याची गरज नाही. सर्व भांडी बरोबर एक लिटरची निघाली आहेत असा कागद आला, तर मात्र त्या शाळेत मी स्वतः माप घेऊन येईन. माठाजवळ वगराळे टांगलेले आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहता येईल.